मत उद्या सकाळी

वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाचं शेवटचं पान मी आधी उघडतो. गोष्टीचा शेवट बघायला नव्हे. तारखांचे शिक्के मारलेल्या चिठ्ठीच्या आजूबाजूला आधीच्या वाचकांनी पेन्सिलीनं काहीबाही लिहून ठेवलेलं असतं, ते बघायला. ‘फारच सुंदर.’ त्याच्या खाली दुसऱ्या हातानं, ‘काही खास नाही.’ त्याच्याही खाली तिसऱ्यानं, जरा चिडून, ‘ज्याला कळत नाही त्याने वाचू नये.’ पुस्तकावर लिहू नये हे खरंच आहे. तरी हे शेरे वाचताना मौज वाटते. हे तिघं एकमेकांना कधी भेटलेही नसतील. जालन्यातल्याच तीन गल्ल्यांत राहत असतील. एकच पुस्तक तिघांच्या उशाशी राहून गेलं, आणि प्रत्येकाला वाटलं की आपल्याला काय वाटलं ते कुणाला तरी सांगावं. ही ओढ मोठी चांगली आहे.

फक्त हे शेरे बहुतेक वेळा पुस्तक संपल्या संपल्या लिहिलेले असतात. अक्षरावरून कळतं. तिरकं, घाईचं, पेन्सिल दाबून लिहिलेलं. माझी भाची अशीच. ती अंबडला असते, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आणि अभ्यासिकेतून घरी आली की कादंबरी हातात घेते. मी सध्या काय वाचतोय ते तिला ठाऊक असतं. रात्री फोन येतो, ‘मामा, झालं का वाचून? कसं वाटलं?’ मी म्हणतो, ‘उद्या सांगतो.’ ती वैतागते. ‘उद्या कशाला? तुम्हाला काय पेपर सोडवायचाय?’ पेपर नाही, पण वाचून झाल्यावर मधे एक रात्र जाऊ द्यायची आणि मग मत सांगायचं, अशी सवय मी लावून घेतली आहे. पुस्तक मिटताना शेवटच्या दहा पानांचा आपल्यावर ताबा असतो. शेवट रडवून गेला की सगळंच पुस्तक थोर वाटतं. शेवट फसला की मधली सोन्यासारखी पानंही हिशेबातून जातात. सकाळी उठल्यावर, चहाला उकळी येईपर्यंत, मुद्दाम न आठवता जे आठवतं ते बघावं. पुरणाच्या दिवशी केलेली कटाची आमटी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, त्यातलाच हा प्रकार.

आता हल्ली वाचलेल्या पुस्तकांचंच सांगतो. सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ २००२ साली आली, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. मी ती अगदी उशिरा, यंदा वाचली. देशमुख बुलढाणा जिल्ह्यातले. आमच्या जालना जिल्ह्यातल्या जाफराबादहून तो जिल्हा हाकेच्या अंतरावर. त्यामुळे पुस्तकातली भाषा परकी वाटत नाही. आईला माय म्हणणारी माणसं हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहेत. कादंबरीतला एकनाथ शिकलेला आहे, त्याला नोकरी नाही, आणि शेती त्याला सोडत नाही. बायको अलका त्या घरात रमत नाही. आईवडील थकत चाललेत. रोज संभाजीनगरला अपडाऊन करताना गाडीत ही कादंबरी वाचत होतो. बदनापूर कधी आलं आणि गेलं, कळायचं नाही. संपवली त्या रात्री मनात आलं, कादंबरी लांबली आहे. शेतमालाच्या भावाच्या चर्चा काही ठिकाणी भाषणाच्या अंगानं गेल्या आहेत. हे मत अजूनही तसंच आहे, ते मी मागं घेत नाही.

पण सकाळी दात घासताना आठवली ती त्या घरातली भांडणं. त्यात दुष्ट कुणीच नाही. अलकाची बाजू घ्यावी तर तिचं खरं वाटतं. सासूकडून बोलावं तर तिचंही खोटं नाही. सगळ्यांची ओढाताण एकाच गोष्टीपायी चालली आहे, पैसा पुरत नाही. भांडण मात्र होतं ते जेवणावरून, कपड्यावरून, माहेरावरून. कापूस आणि सोयाबीनच्या भावावर ज्यांचं वर्ष ठरतं अशी किती घरं आपल्या जिल्ह्यात आहेत! त्या घरांतल्या दुपारी या पुस्तकात जशाच्या तशा उतरल्या आहेत. मग मतं टिपायच्या माझ्या वहीत दोन्ही गोष्टी लिहिल्या. कादंबरी लांबली आहे. आणि घरातलं भांडण इतक्या न्यायानं लिहिलेलं मी फार थोड्या ठिकाणी वाचलंय. रात्रीचं मत खोडून सकाळचं लिहायचं नसतं. दोन्ही शेजारी शेजारी सुखानं राहतात.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ सालची. ती मी अधूनमधून पुन्हा काढतो, कारण ती छोटी आहे आणि तिच्यात एक शब्द जास्तीचा नाही. धनगरांच्या वाडीवर शिकवायला आलेला कोवळा मास्तर. त्याला हळूहळू आपलं म्हणणारी माणसं. सगळ्यांनी मिळून बांधलेली तालीम. राजाची भेट. मग पाऊस दगा देतो, मेंढरं मरतात, वाडी उठून जाते. माडगूळकर दुष्काळावर भाष्य करत बसत नाहीत. काय झालं तेवढं सांगतात आणि बाजूला होतात. आपल्याकडं २०१२-१३ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना हे पुस्तक वेगळं वाचावं लागतं. मोसंबीचं झाड लावल्यावर नीट फळ धरायला चार-पाच वर्षं जातात. तोवर त्याला नुसतं द्यायचंच असतं. तशा लेकरासारख्या वाढवलेल्या बागा त्या वर्षी टँकरचं पाणी घालून घालून, शेवटी हात टेकून, लोकांनी तोडल्या. वाळलेली खोडं जळणाला गेली. जालन्याहून अंबडकडं जाताना असे उघडे पडलेले पट्टे दिसायचे. म्हणून मला वाटलं होतं की सकाळी मेलेली मेंढरं आठवतील. आठवली ती तालीम. लोकांनी घाम गाळून, एकमेकांच्या हाताला हात लावून उभी केलेली, आणि आता तिथं दंड काढायला कुणीच उरलेलं नाही. तालमीवर माडगूळकरांनी शेवटी फार काही लिहिलेलंही नाही. तरी माझ्यापुरतं या वेळचं ‘बनगरवाडी’ म्हणजे ती रिकामी तालीम. पुढच्या वेळी दुसरंच काही असेल.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’बद्दल आमच्या घरात दोन तट आहेत. १९३४ ते १९३६ या काळात त्याचे भाग निघाले, म्हणजे पुस्तक नव्वदीच्या घरात आलं, पण वाचताना शेजारची बाई ओट्यावर बसून बोलतेय असं वाटतं. १८९५ साली त्यांच्या नवऱ्यानं, रेव्हरंड टिळकांनी, ख्रिस्ती धर्म घेतला. बाईंचं सगळं आयुष्य त्या एका बातमीनं उलटंपालटं झालं. एवढं झालं तरी त्या आपल्याकडं दयेनं बघा असं कुठंही म्हणत नाहीत. मला टिळक आवडतात. कवी, विरघळणारा, हट्टी, मनात आलं की न सांगता निघून जाणारा माणूस. माझ्या बायकोला त्यांचा राग येतो. ‘निघून जाणाऱ्याचं कौतुक तुम्हीच करा,’ ती म्हणते, ‘मागं चूल कोण पेटवत होतं?’ यावर माझ्याकडं उत्तर नाही, आणि ते शोधायची घाईही नाही. तिचं मत मी माझ्या वहीत तिच्या नावानं लिहून ठेवलंय.

भाचीची लाडकी कादंबरी ‘मृत्युंजय’. १९६७ ची, शिवाजी सावंतांची. तिच्या आग्रहापोटी पुन्हा वाचली. खरं सांगायचं तर इतक्या उपमा मला आता झेपत नाहीत. सूर्य उगवला की पानभर उगवतच राहतो. पण मधे रात्र गेली आणि सकाळी आठवला तो कर्ण नव्हे, कृष्णही नव्हे. आठवला शोण, कर्णाचा धाकटा भाऊ. मोठ्या भावाकडं मान वर करून बघत राहिलेला. तेजस्वी माणसाच्या सावलीत राहणाऱ्या साध्या माणसाला सावंतांनी बोलायला जागा दिली, हे मोठंच काम. भाचीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘म्हणजे आवडली! कबूल करा.’ तिला हो किंवा नाही असं एकच उत्तर हवं असतं. वयच तसं आहे.

इथं एक गोष्ट मात्र सांगायला हवी. दाद उधार ठेवू नये. मुशायऱ्यात शेर भिडला की लोक त्याच क्षणी ‘वाह’ म्हणतात, सकाळपर्यंत थांबत नाहीत, आणि तेच योग्य आहे. वाचताना एखादं वाक्य लख्ख वाटलं तर शेजारच्याला लगेच वाचून दाखवावं. तो झोपेत असला तरी चालेल, नंतर रागावेल तेवढं रागावू द्यावं. भाजी छान झाली तर घास तोंडात असतानाच सांगावं. थांबायचं ते निवाडा देताना. आनंद झाला असेल तर तो लगेच वाटून टाकावा. ‘हे पुस्तक असं आहे’ असं पूर्णविरामाचं वाक्य बोलण्याआधी तेवढं थांबावं.

आणि एकदा पुस्तकांशी असं वागायला लागलं की बाकी ठिकाणीही आपोआप थांबता येतं. ऑफिसात नवा माणूस रुजू होतो. दुपारच्या डब्यापर्यंत त्याच्यावर सगळ्यांचं मत तयार असतं. ‘कसा वाटला?’ ‘उद्या सांगतो’ म्हटलं तर काही बिघडत नाही. रात्री उशिरा आलेला एखादा खोचक मेसेज वाचून बोटं शिवशिवतात. त्याला सकाळी उत्तर लिहिलं की ते निम्म्यानं लहान होतं आणि दुप्पट कामाचं होतं. लेकीनं मार्कांचा कागद पुढं केला, मुलानं नवीन विषय निवडायचं ठरवलं, साहेबांनी नवी पद्धत सुरू केली. यातलं बरंचसं रात्रभर थांबू शकतं. आजच काहीतरी बोललं पाहिजे अशा गोष्टी दिवसाकाठी थोड्याच असतात.

वहीचा उल्लेख आलाच आहे, तर तिच्याबद्दल थोडं. पण त्यासाठी आधी समर्थांकडं जावं लागेल. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. जन्म १६०८ सालचा. गावाला आता जांबसमर्थच म्हणतात. ‘दासबोधा’चे वीस दशक, दर दशकात दहा समास. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पारायणाला ऐकलेला असतो किंवा कपाटात बघितलेला असतो. माझं मत विचाराल तर तो सलग वाचायचं पुस्तकच नाही. रोज एक समास घ्यावा, तोही कुठूनही. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास मला फार आवडतो. तो चक्क अक्षर कसं काढावं यावर आहे. शाई काळीभोर असावी, अक्षर वाटोळं आणि सुटं असावं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत ठेवण एक असावी, असं सगळं त्यात बारकाईनं सांगितलंय. त्यातल्या दोन सूचना तर डोक्यातून जात नाहीत. एक अशी, की तरुणपणी फार बारीक लिहू नये, ते म्हातारपणी कामाला येत नाही, म्हणून मध्यम अक्षर काढावं. देवाधर्माचं सांगणारा माणूस मधेच थांबून म्हाताऱ्या डोळ्यांची चिंता करतो! चाळिशी लावून वाचणाऱ्या प्रत्येकानं इथं त्यांना हात जोडावेत. हल्लीच्या काही प्रकाशकांनी तर हा समास कार्यालयात टांगून ठेवावा. कागद वाचवायला मुंगीएवढी अक्षरं छापतात आणि मग वाचक कमी झाले म्हणून गळा काढतात.

दुसरी सूचना कडेच्या जागेची. पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी आणि मजकूर मधे लिहावा, म्हणजे कागदाच्या कडा झडून गेल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. माझ्या वहीच्या कडा काही झडणार नाहीत, शंभर पानांची साधी फुलस्केप वही आहे. पण कडेची जागा मी भरपूर सोडतो. त्याचं कारण दुसरं. तेच पुस्तक पुढं कधी पुन्हा वाचलं तर नवं मत जुन्याच्या शेजारी बसवता येतं. वेगळं पान लागत नाही. सकाळी कामावर निघायच्या आधी पुस्तकाचं नाव, लेखक, तारीख आणि खाली दोन-तीन ओळी. आठवलं ते एक, खटकलं ते एक. कधी कधी आठवतच नाही काही. मग नुसती तारीख टाकून पान कोरं सोडतो. ते पान बघूनही पुस्तकाबद्दल बरंच कळतं.

अशा कडेच्या जागेत सगळ्यांत शेवटी लिहिलं ते ‘पाचोळा’बद्दल. फेब्रुवारी २०२५ मध्ये रा. रं. बोराडे गेले, तेव्हा त्यांची ही कादंबरी पुन्हा काढली. १९७१ सालची. मराठवाड्यातल्या खेड्यातला गंगाराम शिंपी, गावातल्या जोरावर लोकांशी पडलेलं त्याचं वाकडं, आणि घराचा होत गेलेला पाचोळा. सगळं सांगते त्याची बायको. कॉलेजात असताना वाचली तेव्हाची ओळ आहे, ‘हा माणूस एवढा हट्ट का करतो?’ या वेळी तिच्या शेजारी लिहिलं, ‘हट्ट त्याचा, पण निस्तरणं हिचं. आणि तरी ती त्याला कुठं टाकून बोलत नाही.’ एक खटकलंही. दुःखावर दुःख इतकं येत जातं की मधे श्वास घ्यायला जागा सापडत नाही. हेही लिहिलं. कुणाला वाचायची असेल तर एवढंच सांगतो, पहिली चार-पाच पानं घरात कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. आई असेल तर फारच चांगलं. ती बोली कागदावर बघताना डोळे अडखळतात, कानाला मात्र ती सरळ कळते. माझ्या आईला वाचून दाखवत होतो, तर दुसऱ्याच पानाला तिनं मला थांबवलं आणि तिच्या माहेरच्या गावातल्या शिंप्याची गोष्ट सुरू केली. त्या दिवशी पुस्तक तिथंच राहिलं. शिंप्याची गोष्ट अजून चालू आहे.